दिव्यांच्या नऊ माळा आवरून ठेवल्या त्या कामाच्या नोंदी

नोंद १ – शनिवार, दुपारी

सण संपून आठवडा झाला. माळा उतरवल्या आणि नेहमीप्रमाणे पिशवीत कोंबायला घेतल्या, तेवढ्यात आईने पिशवी काढून घेतली. म्हणाली, "अगं, या खेपेला नीट बसून लाव ना. दरवर्षी ऐन वेळी अर्धा दिवस गाठी सोडवण्यात जातो आणि एखादी माळ कायमची जाते." तिचं म्हणणं खरं होतं. म्हणून जुनी पिशवीही खाली काढली आणि सगळा ऐवज जमिनीवर ओतला. हे काम कुणी करायला घेणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवते आहे.

मोजदाद अशी: फिलामेंटच्या छोट्या बल्बच्या जुन्या माळा दोन, पिन लावून चालणाऱ्या एलईडी माळा तीन, खिडकीवर सोडायची पडद्यासारखी माळ एक, तांब्याच्या बारीक तारेच्या बॅटरीवाल्या दोन, सौर एक. एकूण नऊ. त्यातल्या पाच एकमेकींत अशा अडकल्या होत्या की कुठली कुठे संपते ते कळत नव्हतं.

गुंता सोडवायला तीन तास चाळीस मिनिटं लागली. पहिला तास पूर्ण वाया गेला, कारण मी मधूनच सुरुवात केली. जी गाठ समोर दिसेल ती धरून ओढायची, म्हणजे ती सुटायची आणि पलीकडे दोन आवळायच्या. त्या ओढाओढीत फिलामेंटच्या माळेतला एक होल्डर मुळापाशी वाकला आणि बल्ब सैल पडला. तो उद्या त्रास देणार हे तेव्हाच कळलं.

नंतर पद्धत बदलली. आधी गुंत्याला अजिबात न ओढता दोन्ही हातांनी फुलवायचं, कापूस पिंजतात तसं. गुंता सैल झाला की एका माळेचं पिन नसलेलं टोक शोधायचं आणि तेच टोक एकेका फटीतून मागे काढत यायचं. पिनचं टोक जाड असतं, ते फटीत अडकतं, म्हणून ते शेवटी. सुटलेला भाग लगेच खुर्चीच्या पाठीवर टाकत जायचं, म्हणजे तो परत ढिगात जात नाही. मधल्या बल्बांच्या टोप्या एकमेकींत हुकासारख्या अडकतात. तिथे वायर न ओढता टोपी बोटात धरून फिरवली की सुटते.

या गाठी कुणी घातलेल्या नसतात, त्या आपोआप पडतात. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी २००७ साली हे प्रयोगाने दाखवलं. दोरीचा तुकडा खोक्यात टाकून खोकं गोल फिरवायचं, असं त्यांनी ३,४१५ वेळा केलं. काही सेकंदांतच गाठी पडत होत्या. साधारण अर्ध्या मीटरपेक्षा आखूड दोरीला मात्र त्या जवळपास पडतच नव्हत्या, आणि खोकं इतकं लहान की दोरीला हलायला जागा नाही, तेव्हाही प्रमाण कमी व्हायचं. माझ्या कामापुरता अर्थ सरळ आहे: प्रत्येक माळ अशी बांधायची की तिचं एकही टोक मोकळं हलणार नाही.

नोंद २ – रविवार, सकाळी

गुंडाळण्याआधी तपासणी. आधी पिन काढलेल्या अवस्थेत पूर्ण लांबी बोटांतून फिरवली, मग एकेक माळ जमिनीवर मोकळी पसरून लावून पाहिली. वेटोळं करून ठेवलेली माळ पेटवून तपासू नये. फिलामेंटचे बल्ब चांगलेच तापतात, आणि एकावर एक पडलेल्या वेढ्यांतली उष्णता बाहेर जात नाही.

बोटं फिरवली हे फार बरं केलं. एका एलईडी माळेत पिनपासून हातभर अंतरावर वेष्टण कुरतडलेलं होतं. डोळ्यांना नुसता ओरखडा वाटला असता. बोटाला खरखर लागली म्हणून उजेडात धरून पाहिलं, तर दोन बारीक दातांच्या खुणा आणि मधे तांब्याची चमक. उंदीर. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे ते सारखं काहीतरी कुरतडत असतात आणि मऊ वायर त्यांना चालते.

इथे इन्सुलेशन टेप गुंडाळायचा मोह झाला. टेप हातात घेतलीसुद्धा होती. पण हीच माळ बाहेर, पावसाच्या शिंतोड्यात, मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर लागते. टेप ठेवून दिली. आधी पिनच कापून टाकली, म्हणजे पुढे कुणी उचलून लावणार नाही, आणि माळ ई-कचऱ्याच्या डब्यात टाकली. राहिल्या आठ.

फिलामेंटच्या दोनपैकी एक अर्धीच लागली. लांब माळ आतून दोन-तीन तुकड्यांत विभागलेली असते आणि एका तुकड्यातले बल्ब एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. मग एक बल्ब गेला की पूर्ण तुकडा का जात नाही, असं वाटेल. बल्बच्या आत फिलामेंटच्या बुडाशी एक बारीक तार असते. फिलामेंट तुटलं की ती तार वीज पुढे जाऊ देते. पण बल्बच होल्डरमध्ये टेकलेला नसेल तर ती तार काही करू शकत नाही, आणि सगळा तुकडा बंद. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं: काल ओढताना सैल पडलेला तोच बल्ब. पिन काढून तो बाहेर घेतला, बुडाची वाकलेली तार सरळ करून पुन्हा दाबून बसवला आणि तुकडा लागला. तो शोधायला पंचवीस मिनिटं गेली, कारण मी एका टोकापासून एकेक बल्ब हलवत गेले. आधी ओढलेली जागा पाहिली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

त्या माळेत दोन बल्ब जळलेलेही होते. तेही बदलले. जळलेले तसेच ठेवले तर त्यांच्या वाट्याचा व्होल्टेज बाकीच्यांवर पडतो आणि ते लवकर जातात. बदली बल्ब त्याच व्होल्टेजचा हवा. माळेबरोबर आलेली सुट्या बल्बांची इवलीशी पिशवी म्हणूनच कधी टाकू नये.

राहिलेल्या दोन एलईडी माळांपैकी एक ठणठणीत, दुसरीचा एक तुकडा बंद. एकेक एलईडी उपसून पाहिल्यावर सोळाव्या जागी सापडलं. होल्डरमधून काढताच त्याचा एक पाय भुगा होऊन तळहातावर पडला, तपकिरी आणि ओलसर. होल्डरच्या आत हिरवट थर. पायाचं लोखंड आणि होल्डरचं तांबं यांच्यामध्ये पाणी साचलं की लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. ही माळ गेल्या वर्षी पहाटेच्या दवात उतरवून तशीच पिशवीत गेली होती, ते मला आठवतं. होल्डर कोरड्या ब्रशने साफ केला, पिशवीतला नवा एलईडी लावला. पहिल्यांदा लागला नाही. एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते, आणि तो उलटा बसला होता. फिरवून लावल्यावर तुकडा पेटला.

दुपार झाली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मी हे काम गुंत्यासाठी हाती घेतलं होतं. पण आठवतंय तेवढ्या वर्षांत गाठीमुळे माळ गेली असं एकदाही झालं नाही. माळा गेल्या त्या ओलीमुळे, ओढण्यामुळे आणि उंदरांमुळे.

नोंद ३ – रविवार, संध्याकाळी

पडदा माळ तिच्या मूळ खोक्यात होती, थर्माकोलच्या साच्यात. मला वाटलं, निदान ही तरी नीट ठेवलेली आहे. बाहेर काढताना वायर थर्माकोलला चिकटलेली निघाली. जिथे जिथे वायर टेकली होती तिथे थर्माकोल वितळल्यासारखा खचला होता, वायरीच्या जाडीची गुळगुळीत खोबण पडली होती आणि वायरीवर पांढरे कण रुतले होते.

उष्णतेने झालेलं नाही हे. वायरीचं वेष्टण पीव्हीसीचं असतं आणि ते लवचीक राहावं म्हणून त्यात तेलासारखा मऊ करणारा पदार्थ मिसळलेला असतो. थर्माकोलला महिनोन्महिने टेकून राहिलं की तो पदार्थ वायरीतून निघून थर्माकोलमध्ये जातो. थर्माकोल विरघळतो आणि वायर कडक होत जाते. कडक वायर वाकवली की तडे. माझी अजून वाचली आहे, कण नखाने काढले, वाकवून पाहिली तर तडा नाही. साचा टाकून दिला. ज्यांच्याकडे मूळ खोकी जपून ठेवलेली आहेत त्यांनी आजच उघडून पाहा.

रबरबँडचंही असंच. एका बॅटरीवाल्या माळेला लावलेला रबरबँड तुटून तारेवर काळ्या चिकट पट्ट्यासारखा बसला होता. खरवडताना तारेवरचा लाखेसारखा थर निघाला असता, म्हणून कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने हळूहळू पुसून काढला. तेवढ्यालाच वीस मिनिटं.

नोंद ४ – मंगळवार, रात्री

गुंडाळण्याचे प्रयोग. सर्वांत जास्त वेळ इथे गेला आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं.

पहिला प्रयोग: अंगठा आणि कोपर यांच्याभोवती फेरे. घरोघरी हेच करतात, मीही करत आले. वीस मीटरच्या माळेचे असे पंचवीसेक फेरे झाले. सोडून पाहिली तर माळ जमिनीवर सरळ पडेना, स्प्रिंगसारखी वळवळत राहिली. एकाच दिशेने फेरे घेतले की प्रत्येक फेऱ्यागणिक वायरीत एक पूर्ण पीळ भरला जातो. पंचवीस फेऱ्यांचे पंचवीस पीळ. ते होल्डरच्या मुळाशी जाऊन साठतात, तिथेच वायर आतून तुटते.

दुसरा: पुठ्ठ्याची पट्टी, दोन्ही टोकांना खाच, तिच्याभोवती गुंडाळणं. दिसायला सुंदर. पण पुठ्ठ्याच्या कडेवर वायर दर फेऱ्याला दोनदा घडी घालून वाकते, आणि ओढून गुंडाळली तर कड वेष्टणात रुतते. सकाळी सोडून पाहिली तेव्हा वायरीवर ठराविक अंतराने खुणा उमटल्या होत्या. एका रात्रीत एवढं, तर वर्षभरात काय होईल?

तिसरा: एक फेरा सुलट, एक उलट. ध्वनिक्षेपकाच्या लांब केबली मंचावर काम करणारी माणसं अशाच गुंडाळतात. डाव्या हातात वेटोळं धरायचं. पहिला फेरा नेहमीसारखा. दुसऱ्या फेऱ्याला उजव्या हाताचं मनगट आत वळवून वायर खालून आणायची, म्हणजे तिचा पीळ आधीच्या पिळाच्या उलट पडतो आणि दोन्ही एकमेकांना मारतात. वाचून कळत नाही, हातात दोरी घेऊन दहा मिनिटं करून पाहावं लागतं. वायर स्वतःच सांगते: पीळ बरोबर असेल तर फेरा सपाट पडतो, चुकला तर आठाच्या आकड्यासारखा उठतो.

पहिल्याच सोडणीत फसलं. माळ हातातून सुटली, पिनचं टोक वेटोळ्याच्या मधून आरपार गेलं आणि ओढल्यावर ओळीने सात गाठी तयार झाल्या. उलट-सुलट फेऱ्यांचा हा एकच तोटा आहे, टोक मधून गेलं की एकेका उलट फेऱ्याची गाठ होते. उपाय सोपा निघाला. वेटोळं तीन जागी कापडी वेलक्रो पट्टीने बांधायचं आणि त्यातल्या एका पट्टीखाली पिन, दुसरीखाली शेवटचं टोक दाबायचं. सोडताना पिन आधी बाहेर घ्यायची, मधून नाही. प्लॅस्टिकचे केबल टाय वापरू नयेत. ते आवळताना अंदाज राहत नाही आणि काढताना कात्री वायरीजवळ न्यावी लागते.

फेऱ्याचा आकार वीत-दीड वीत. त्याहून लहान केला तर बल्ब एकमेकांवर चढतात.

पडदा माळेला हे चालत नाही, तिला खाली लोंबणाऱ्या वीस सरी आहेत. ती जुन्या चादरीवर पसरली, सरी शेजारी शेजारी सरळ लावल्या, चादरीचा काठ वर दुमडला आणि चटईसारखी गुंडाळी केली. दोन सरींमध्ये कापड येत असल्याने त्या एकमेकींना भेटतच नाहीत. हे करताना ताईने दुसरं टोक धरलं. एकटीने केलं तर सरी तिरक्या होतात.

तांब्याच्या तारेच्या माळा रिकाम्या रुंद बाटलीवर सैल गुंडाळल्या. या तारांना प्लॅस्टिकचं वेष्टण नसतं, फक्त लाखेसारखा थर असतो. तीक्ष्ण घडी पडली तर तो तडकतो आणि शेजारची तार टेकली की माळ बंद.

नोंद ५ – गुरुवार

बॅटऱ्या. एका डबीचं झाकण उघडलं तर आत पांढरी भुकटी आणि एक स्प्रिंग हिरवी पडलेली. अल्कलाइन बॅटरी गळाली की आतला पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतो आणि हवेत पांढरा होतो. तो कातडीला आणि डोळ्यांना वाईट, म्हणून हातमोजे घातले. कापसाची काडी व्हिनेगरमध्ये बुडवून स्प्रिंगवर फिरवली, थोडा फेस आला आणि थर सुटला. मग ओलसर काडीने पुसलं, मग कोरडं. माळ लागली. यापुढे ठेवताना बॅटरी बाहेर, मग ती अर्धी भरलेली का असेना.

रिमोटमधला बटणासारखा सेलही काढला आणि चिकटपट्टीत गुंडाळून उंच फडताळात ठेवला. तो लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. घरात छोटी मुलं येत-जात असतील तर माळांचं बाकी काही करू नका, एवढं करा.

सौर माळ मला मेलेलीच वाटत होती. तिचं कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. ती अंधार पडला की आपोआप लागते, आणि डब्यात कायमच अंधार. मी बटण बंद न करता ठेवली होती, त्यामुळे ती आत जळत राहिली आणि बॅटरी पार संपली. दोन दिवस उन्हात ठेवूनही चार्ज धरेना. आत १.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी होती, त्याच जातीची नवी घातली आणि माळ पूर्ववत. आता पूर्ण चार्ज करून, बटण बंद करून, बॅटरी वेगळी काढून ठेवली आहे.

नोंद ६ – शनिवार

डब्यात भरल्या. आणि चुकले. सकाळी सगळ्या माळा ओलसर फडक्याने पुसून धूळ काढली, हाताला कोरड्या लागल्या म्हणून दुपारी झाकण लावलं. रात्री पाहिलं तर पारदर्शक झाकणाला आतून घाम आलेला. होल्डरच्या आत पाणी शिरतं आणि तिथे बोट पोचत नाही. सगळं परत बाहेर. सावलीत, वारा लागेल अशा जागी दोरीवर दोन दिवस टांगून ठेवल्या, उन्हात नाही. एवढा पुसण्याचा सोस करायलाच नको होता, कोरडा मऊ ब्रश पुरला असता.

नोंद ७ – सोमवार

पुन्हा भरल्या. पुठ्ठ्याचं खोकं नको, उंदीर ते फाडून घरटं करतात आणि पुठ्ठा ओल धरतो. कडा घट्ट बसणारे प्लॅस्टिकचे दोन डबे घेतले. एका डब्यात पिनवाल्या, दुसऱ्यात बॅटरीवाल्या आणि सौर. जड वेटोळी खाली, पडद्याची गुंडाळी वर, मधे जुन्या कापडाच्या घड्या. प्रत्येक डब्यात सिलिका जेलची रंग बदलणारी पुडी: नारिंगी आहे तोवर कोरडी, हिरवट झाली की ओल भरली.

जागा बदलली. आधी पोटमाळ्यावर छताला लागून असायच्या. तिथे दुपारी हात ठेववत नाही इतकं तापतं, आणि उष्णतेत पीव्हीसीमधला मऊपणा लवकर उडतो. आता आतल्या कपाटाच्या तळाशी, जमिनीपासून फळीभर वर.

चिठ्ठ्या आधी चिकटपट्टीवर लिहून वायरीवर चिकटवल्या होत्या. आईने ओळखलं, "हिचा गोंद वर्षाने वायरीवर उतरेल बघ." काढल्या. पुठ्ठ्याच्या छोट्या पट्टीला भोक पाडून सुती दोऱ्याने बांधल्या. चिठ्ठीवर लांबी, कुठे लागते, घरात की बाहेर, बल्बचा व्होल्टेज आणि शेवटची तपासणी एवढं लिहिलं. सुटे बल्ब आणि फ्यूज छोट्या पाकिटात त्याच वेटोळ्याला बांधले. फ्यूज बदलायची वेळ आली तर त्याच क्षमतेचा लावायचा, तार घालून चालवायचं नाही, हेही चिठ्ठीवर लिहिलं.

एकूण हाताचं काम साडेअकरा तास. त्यातले निम्मे तरी चुकांचे. विकत घेतलं ते दोन डबे, वेलक्रोची पट्टी, सिलिका जेल आणि एक बॅटरी.

नोंद ८ – चार महिन्यांनंतर

डबे उघडून पाहिले. पिनवाल्यांच्या डब्यातली पुडी हिरवी. झाकणाची एक कड वर राहिली होती, कापडाची घडी अडकल्यामुळे. घडी कमी केली, पुडी बदलली. वास नाही, लेंड्या नाहीत.

नोंद ९ – अकरा महिन्यांनंतर

सण जवळ आला. आठ माळा डब्यातून काढून, सोडून, तपासून पसरायला पस्तीस मिनिटं लागली. गाठ एकही नाही. उलट-सुलट गुंडाळलेल्या चारही माळा सरळ रेषेत पडल्या. आईच्या फिलामेंटच्या दोन्ही पूर्ण लागल्या. तिला त्यांचाच पिवळा उजेड लागतो, ती दारात उभी राहून पाहत होती.

एक गेली. ज्या एलईडी माळेचा गंजका पाय बदलला होता तिचा दुसरा तुकडा बंद. उपसून पाहिले तर तीन एलईडींचे पाय तसेच खाल्लेले. ओल तेव्हाच सगळ्या होल्डरांत शिरली होती, मी एकच जागा साफ करून समाधान मानलं. गंजलेला एक पाय सापडला की त्या माळेतला प्रत्येक एलईडी काढून पाहायला हवा होता, आणि तीन-चार निघाल्यास माळ ठेवायलाच नको होती. तिची पिन कापली.

या वर्षी माळा दवात नाही, दुपारी उतरवणार आहे.